डब्ल्यूएचएमसीएस ७.१० वरून ८: स्टेजिंग म्हणे रिकामटेकड्यांचा धंदा!

क्रॉनोबा
"आठवर जायचंय? रात्री बॅकअप घ्या, अपडेटचं बटण दाबा, झोपा. स्टेजिंग हा रिकामटेकड्यांचा धंदा." होस्टिंगवाल्यांचं बिलिंग सांभाळणाऱ्या डब्ल्यूएचएमसीएसबद्दल बटणदाबू यांची ही कालची पोस्ट. (स्टेजिंग म्हणजे आधी चाचणी घ्यायला केलेली लाइव्हची कॉपी.) तिला अंगठेही पडलेत, म्हणून लिहावं लागतंय.

ते बटण डब्ल्यूएचएमसीएसच्या फायली आणि डेटाबेसची टेबलं बदलतं. इन्क्लूड्स/हुक्स फोल्डरमध्ये तुम्ही स्वतः टाकलेल्या फायलींना, म्हणजे ठराविक घटनेला आपोआप चालणाऱ्या तुमच्या कोडला (हुकला), ते शिवत नाही. ज्या पीएचपी भाषेत हे सॉफ्टवेअर लिहिलंय, तिच्या ५.६ वर डब्ल्यूएचएमसीएस ७.१० अजून चालवणारे आहेत. डब्ल्यूएचएमसीएस ८.० ला किमान पीएचपी ७.२ लागतं आणि पीएचपी ७ पासून डेटाबेसला विचारणारं जुनं मायएसक्यूएल_क्वेरी फंक्शनच उरलेलं नाही. ते वापरणारा हुक इनव्हॉइस बनताना चालणारा असेल, तर अपडेटनंतर लॉगिन होतं, डॅशबोर्ड दिसतो, सगळं आलबेल. फुटतं ते पुढच्या डेली क्रॉनला (रोज ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला), तुम्ही घोरत असताना.

बटणदाबू
व्याख्यान छान. आता स्टेजिंगवाल्यांनी सांगावं, कॉपीतलं टीबीएलसर्व्हर्स टेबल कुणाचं? खऱ्या सर्व्हरचं, पासवर्डसकट. तिथे क्रॉन लागला की कॉपी थकबाकीदार शोधायला निघते. ग्राहकाने काल लाइव्हवर पैसे भरले, हे तिच्या गावीही नसतं. ती खुशाल खऱ्या सर्व्हरवरचं खातं सस्पेंड करते, वर ग्राहकाला मेल पाठवते. माझ्या बटणाने हे होत नाही.

क्रॉनोबा
मुद्दा बरोबर आहे. (टाइप करताना बोटं जड झाली.) म्हणून कॉपीवर क्रॉन लावायचाच नाही. पहिल्यांदा लॉगिन करण्याआधी टीबीएलसर्व्हर्समधले सगळे आयपी १२७.०.०.१ (म्हणजे कॉपीचं स्वतःचंच मशीन) करा, होस्टनेमही बदला. पेमेंट गेटवे आणि डोमेन रजिस्ट्रारची मॉड्यूल्स बंद. एसएमटीपी (मेल पाठवण्याची सेटिंग) अशा ठिकाणी वळवा जिथून मेल बाहेर पडत नाही. डेव्हलपमेंट लायसन्स मागून घ्या, नाहीतर लाइव्हचं लायसन्स दुसऱ्या डोमेनवर अडतं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि बॅकअप म्हणजे नुसता डंप (डेटाबेसची प्रत) नव्हे. कॉन्फिगरेशन.पीएचपी हवी, कारण सीसी_एन्क्रिप्शन_हॅश, म्हणजे पासवर्ड उलगडायची किल्ली, तिच्यात असतो. तो गेला की सर्व्हरचे आणि सेवांचे पासवर्ड डेटाबेसमध्ये असूनही वाचता येत नाहीत.

ज्युना_खोड
एवढा खटाटोप करताय तर थेट पीएचपी ८.० टाका की.

रूट_नाही_सुडो
पीएचपी ८.० साठी आयनक्यूबने लोडर (एन्कोडेड फायली उलगडून चालवणारा भाग) काढलाच नाही. ७.४ नंतर थेट ८.१. डब्ल्यूएचएमसीएसच्या फायली एन्कोडेड असल्यामुळे लोडर नाही म्हणजे काहीच नाही. शिवाय डब्ल्यूएचएमसीएस ७.१० थेट पीएचपी ८.१ वर चालणार नाही. आधी ७.१० आणि आठ दोन्ही चालतील अशा पीएचपी ७ मधल्या आवृत्तीवर या, तिथे पुढे पीएचपी ८.१ वरही चालणारी डब्ल्यूएचएमसीएस आठमधली आवृत्ती घाला, मग पीएचपी बदला.

सीपॅनलवाल्यांनो (होस्टिंगचं ते कंट्रोल पॅनल वापरणाऱ्यांनो), वेबची पीएचपी बदलली म्हणजे क्रॉनची बदलली असं नाही. क्रॉनच्या ओळीत पीएचपीचा जो पाथ आहे, तोच पाथ वापरून 'पीएचपी -व्ही' चालवा. उत्तरात आयनक्यूबची ओळ नसेल तर साइट झकास दिसेल आणि इनव्हॉइस एकही निघणार नाही.

नऊ_अधिक_नऊ
तुम्ही सगळे हुक आणि पाथ घेऊन बसलाय. जीएसटीचं कोण बघणार? महाराष्ट्रातल्या ग्राहकाला सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ म्हणून लेव्हल एक, लेव्हल दोन लावता ना? कम्पाउंड टॅक्सची खूण चुकून पडली तर दुसरा कर १०० ऐवजी १०९ वर लागतो. १००० रुपयांवर १८० ऐवजी १८८ रुपये १० पैसे. राज्याचं नाव नियमातल्यासारखं तंतोतंत नसेल तर ग्राहक पुण्याचा असून कर आयजीएसटी.

बटणदाबू
याचा अपग्रेडशी काय संबंध? उद्या आयकरही काढाल.

नऊ_अधिक_नऊ
संबंध तुमच्या "बॅकअप आहे ना"शी आहे. रात्री २ ला बटण दाबलंत, सकाळी १० ला डंप परत घातलात. मधल्या आठ तासांत पैसे आलेली इनव्हॉइस गेली, पण ग्राहकांच्या मेलमध्ये पीडीएफ आहेत. प्रोफॉर्मा (पैसे येण्याआधीचं कच्चं बिल) चालू असेल तर पैसे आल्यावरच अनुक्रमांक पडतो. डंपबरोबर तो काउंटरही मागे जातो आणि तेच नंबर दुसऱ्या ग्राहकांना मिळतात. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बीजक (इनव्हॉइस) क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. आता काढा दोन ग्राहकांची एकाच नंबरची बिलं.

ज्युना_खोड
मुळात ग्राहकसंख्येवर लायसन्सचा दर लावणाऱ्यांची सेवा करायचीच कशाला? २०१९ मध्ये सीपॅनलने खात्यांवर दर लावला तेव्हाच शहाणे व्हायला हवं होतं.

रूट_नाही_सुडो
आलं यांचं दळण. दुसऱ्या बिलिंगवर गेलात तरी गेटवेचे टोकन (ग्राहकांच्या साठवलेल्या कार्डांच्या खुणा), जुनी बिलं, नंबरांची मालिका पाठीवर न्यायचीच आहे. स्वस्त पडतं का ते मोजून सांगा, नुसतं चिडू नका.

बटणदाबू
नंबरांचं मान्य. डंप परत घालायची वेळ आलीच तर पुढचा बीजक क्रमांक हाताने पुढे सरकवायचा आणि मधली पेमेंट्स गेटवेच्या यादीतून भरायची, एवढं तरी लिहा की मग!

क्रॉनोबा
लिहिलंत की तुम्हीच. त्यात भर घाला: बटणाऐवजी हाताने फायली चढवणार असाल आणि ॲडमिन फोल्डरचं नाव बदललेलं असेल, तर झिपमधल्या 'ॲडमिन'मधलं सगळं त्या बदललेल्या फोल्डरात जायला हवं, नाहीतर जुनं ॲडमिन नव्या डेटाबेसवर. काम संपल्यावर इन्स्टॉल फोल्डर उडवा. डेली क्रॉनचा ठरलेला तास टाळून वेळ निवडा. तो तास हुकला तर त्या दिवसाचं काम आपोआप भरून निघत नाही.

बटणदाबू
बरं बाबा, करतो कॉपी. पण ३१ मार्चच्या आठवड्यात मला कुणी हा सल्ला दिला तर धाग्याला कुलूप लावेन.