कॉलेजच्या भित्तीपत्रकाला आणि इन्स्टा पेजला मुलं कशी जोडायची? जुलैत येतात, दिवाळीनंतर गायब

कृष्णाकाठची_लेक (प्रश्न)
नमस्कार मंडळी. मी टीवायबीएला आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉलेज. यंदा भित्तीपत्रकाची संपादक मी आहे आणि त्याच नावाचं इन्स्टा पेजही आम्हीच चालवतो, पुढं पॉडकास्ट करायचाय. जुलैत नोटीस लावली, वर्गावर्गात जाऊन सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ४३ जण आले, पहिल्या मिटिंगला १४. आता उरलोय तिघं. ग्रुपवर "कोण लिहिणार?" विचारलं की सगळे बघतात आणि कुणी बोलत नाही. पेजवर गॅदरिंगचे फोटो टाकले की लाइक्सचा पाऊस, लेख टाकला की कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. सर चांगले आहेत पण त्यांच्या गळ्यात एनएसएस पण आहे आणि नॅक, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं काम पण. बोर्ड लायब्ररीच्या जिन्यात आहे, काचेच्या कुलपाची किल्ली ऑफिसात.
मला हे बंद पडू द्यायचं नाहीये. एफवायला असताना माझी पहिली कविता त्याच काचेमागं लागली होती, मी आठवडाभर तासाला जाताना तिथं थांबायचे. मुलं का टिकत नाहीत आणि लोकांनी वाचावं म्हणून नेमकं काय करायचं?

माइकच्या_मागे
ताई, "कोण लिहिणार" हा प्रश्नच विचारू नकोस. ४३ जणांना विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. मी पुण्यात शिकताना दोन वर्षं एका कॅम्पस रेडिओवर होतो. आमच्या दीदीनं पहिल्या दिवशी माझ्या हातात रेकॉर्डर दिला आणि म्हणाली, मेसमध्ये जा, पाच जणांना विचार घरचं काय आठवतं, गुरुवारी मला दोन मिनिटं हवीत. बस. लेख लिही म्हणाली असती तर मी परत गेलो नसतो. माझ्यासोबत जुन्नरकडची एक मुलगी होती, फार बुजरी, हेडफोनवर स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात तोंडावर ठेवून तशीच बसून राहिली, आणि मग रोज यायला लागली.
दुसरं म्हणजे विषय. कॅम्पस रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावायच्या एवढीच मुभा. पण परीक्षा, निकाल, अ‍ॅडमिशन, नोकरीच्या जागा, हवामान, स्थानिक कार्यक्रम हे बातमीत धरत नाहीत, ते चालतं. आम्हाला सुरुवातीला ते दुय्यम वाटायचं, पण मुलं ऐकायची तेच. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स कशी मागवायची, रिव्हॅल्युएशनची शेवटची तारीख कुठली, हे तुमच्या पेजवर सगळ्यात आधी आलं पाहिजे. त्यासाठी आलेलं पोरगं मग कविता पण वाचतं.

तासिका_तत्त्वावर
मिटिंग किती वाजता घेतेस ते आधी सांग बाळा. आमच्याकडं चार वाजता ठेवायचे आणि वाड्यावस्त्यांकडं जाणारी शेवटची एसटी पावणेचारला. म्हणजे बोर्डिंगची आणि गावातली मुलं सोडून बाकीच्यांना आपण न बोलता बाहेर काढत होतो, आणि वर म्हणत होतो मुलांना आवड राहिली नाही. मी मधल्या सुट्टीत २० मिनिटं घ्यायला लागले तेव्हा कुठं कॉमर्सची मुलं दिसायला लागली.
वार्षिक अंकाचं पण तसंच. अंक हातात पडायचा तेव्हा मुलं पास होऊन गेलेली असायची आणि आत निम्म्या कविता नेटवरून उतरवलेल्या. मग मी साहित्य मागवणंच बंद केलं, मुलांना बोलतं करायला लागले. एका मुलाच्या घरचं गुऱ्हाळ आहे, लिही म्हटलं तर नको म्हणाला. म्हटलं व्हॉइस मेसेज पाठव. त्यानं रात्री चुलवाणाशेजारी बसून अकरा मिनिटं सांगितलं, काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी कधी टाकायचं, मळी कशी काढायची, वडील नुसत्या वासावरून कसं ओळखतात की आता उतरवायचं. मागं जाळाचा आवाज येत होता. आम्ही ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, त्याच्याच बोलीत, एक शब्द "शुद्ध" केला नाही. बोर्डवर लावलं तर त्याचा अख्खा वर्ग जिन्यात. त्याच आठवड्यात आणखी दोघं आले, एक मेंढपाळाच्या घरचा, एक बँडवाल्यांच्या.
आणि सरांना विचार, नव्या अभ्यासक्रमात सहशालेय उपक्रमांना क्रेडिट आहेत, त्यात हे काम बसवता येतंय का.

विंगेतला
मॅडमचं सगळं पटलं, क्रेडिटचं सोडून. क्रेडिटसाठी आलेला सह्या झाल्या की जातो, आमच्याकडं हेच झालं. मी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला तीन वर्षं बॅकस्टेज केलंय. रात्री अकरापर्यंत पोरं खिळे ठोकत बसतात, नाव कुठं येत नाही, मार्क मिळत नाहीत, तरी हलत नाहीत. कारण प्रत्येकाकडं एक काम असतं जे त्याच्याशिवाय अडतं, प्रयोगाची तारीख कुणाच्या बापाला बदलता येत नाही आणि नंतर सगळे मिळून वडापाव खायला जातात. तुमच्या भित्तीपत्रकाला तारीखच नाही, साहित्य जमेल तसं लागतं, मग कोण धावेल? ६ जानेवारी धरा. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं, पत्रकार दिन म्हणून कॉलेज तसंही काहीतरी करतंच, त्या दिवशी तुमचा अंक लागला पाहिजे. पुढचा २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन.
अजून एक, एसवायमधलं कुणीतरी आत्ताच सोबत घे. पासवर्ड, किल्ली, कुणाकडं काय मागायचं, सगळं त्याला कळू दे. तू मार्चमध्ये परीक्षेला बसलीस आणि सगळं तुझ्याच फोनमध्ये राहिलं तर जूनमध्ये पुन्हा शून्य.

कृष्णाकाठची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, आमची मिटिंग साडेतीनला होती, मी हा विचारच केला नव्हता, वाचून खरंच वाईट वाटलं कारण सोडून गेलेल्यांपैकी सहा जण एसटीनं येणारे आहेत. काल मधल्या सुट्टीत कँटीनबाहेर बसलो. ग्रुपवर काही टाकलं नाही, एकेकाला नावानं जाऊन सांगितलं. सात जण आले. बीकॉमचा एक मुलगा म्हणाला मला लिहिता येत नाही पण माझं अक्षर चांगलं आहे, मग मथळे त्याच्याकडं दिले. रिव्हॅल्युएशनची माहिती ऑफिसातून आणायला एकीला पाठवलंय, शुक्रवारपर्यंत पेजवर टाकतो. विंगेतला दादा, ६ जानेवारी पक्की केली, एसवायच्या एका मुलीला पासवर्ड दिला. दुसऱ्या किल्लीसाठी अर्ज लिहिलाय, सोमवारी सरांची सही घेते.
आमच्या गावात कुंभारवाडा आहे, तिथल्या आजींना बोलतं करायचं म्हणतोय. मॅडम, बोलीत उतरवून घेताना तुम्ही थांबायच्या जागा कशा दाखवल्या ते सांगाल का?