मदत हवी आहे : पुस्तकं वाचून ना जाहिरात जमली, ना पूल

चॉकचा_डबा (धागाकर्ता), शनिवार रात्री ११:४२
नमस्कार मंडळी. थेट विचारतो. दोन इंग्रजी पुस्तकं मागवली होती. एक जाहिरात कशी करावी यावर, दुसरं पूल कसा खेळावा यावर. दोन्ही शेवटच्या पानापर्यंत वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या. जाहिरातीचं वाचून २००० पत्रकं छापली आणि वाटली, चार माणसंही फिरकली नाहीत. खेळाचं वाचून होता तो खेळही बिघडला. पूर्वी नुसत्या अंदाजाने पॉट व्हायचे ते बॉल आता पॉकेटच्या तोंडाशी आपटून बाहेर येतात. दुपारी सगळं रिकामं असतं आणि १ तारखेला भाडं द्यायचं आहे. दोन्ही विषयांवर कोणतं पुस्तक घेऊ ते सांगा. व्हिडिओ सुचवू नका, तिथे प्रत्येक जण वेगळं सांगतो. उद्यापर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल.

निवांत_आंबा, शनिवार रात्री ११:५८
सोसायटीच्या पूलमध्ये आधी क्लोरीनचं प्रमाण बघा. पाणी हिरवट दिसलं की कुणी उतरत नाही, जाहिरात कितीही करा. आणि पोहायला शिकवणारा माणूस ठेवा, लहान मुलांचे पालक लगेच येतात.

चॉकचा_डबा, रविवार सकाळी ६:१०
अहो, पोहण्याचा पूल नाही. टेबलावरचा. काठी आणि बॉल.

रुळावरची_गाडी, रविवार सकाळी ७:३५
रिकामं असतं म्हणजे काय रिकामं असतं? तुमचं पार्लर आहे का? कुठल्या गावात? टेबलं किती, किती फुटी? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

चॉकचा_डबा, रविवार सकाळी ७:५०
पार्लर आहे, मला वाटलं ते कळलं असेल. कराडला, विद्यानगरच्या बाजूला, कॉलेजं आहेत तिथे. आठ फुटी तीन टेबलं. पाच महिने झाले.

हडसनकाठ, रविवार सकाळी ८:२०
मी न्यू जर्सीत असतो, अकरा वर्षं इथल्या बारमधल्या लीगमध्ये खेळतोय. रॉबर्ट बर्न यांचं १९७८ सालचं पुस्तक घ्या, डोळे झाकून. मी त्याच्यावरच शिकलो. आकृत्या स्वच्छ आहेत आणि माणूस उगाच घोळ घालत नाही. तुमचं पुस्तक कोणतंही असो, ते वाईट नसणार. तुम्ही ते एका दमात वाचलंत हे चुकलं. एक आकृती घ्यायची आणि आठवडाभर तीच मांडायची.

पेठेतला_भाऊ, रविवार सकाळी ९:०५
पुस्तकावर खेळ येत नाही, स्पष्ट सांगतो. पुण्यात आम्ही उभं राहून बघून शिकलो. मागे उभा असलेला जाणता माणूस "कोपर बाहेर जातंय" एवढं म्हणायचा आणि काम व्हायचं. तुमचं कोपर कुठे जातंय हे पुस्तकाला दिसत नाही. महिनाभर एखादा चांगला खेळाडू गाठा, पैसे मोजा, विषय संपला.

हडसनकाठ, रविवार सकाळी ९:२०
भाऊ, कराडात दुपारी दोन वाजता तो जाणता माणूस कुठून आणायचा? फोन टेबलावर उभा करून स्वतःचा शॉट टिपला तर कोपर दिसतं. पण बॉल कुठे लागायला हवा हे आधी डोक्यात नको का? ते पुस्तकातूनच येतं.

पेठेतला_भाऊ, रविवार सकाळी ९:३१
विल्सन जोन्स कुठलं पुस्तक वाचून शिकले? १९२२ साली पुण्यात जन्मलेला माणूस. १९५८ मध्ये कोलकात्याला हौशी बिलियर्ड्सचा जागतिक विजेता झाला आणि १९६४ मध्ये पुन्हा. कुठल्याही वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय. पुण्यातल्या पोरांना आज हे नाव माहीत नाही याचं फार वाईट वाटतं.

जुनाट_नकाशा, रविवार सकाळी १०:०२
जोन्स यांचा खेळ बिलियर्ड्स, धागा पूलचा आहे. पण विषय निघालाच आहे तर, काठी-बॉलचाच तिसरा खेळ, स्नूकर, आपल्याकडेच जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. पुढे नियम उटीच्या क्लबात लिहून काढले. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मला, १९८५ मध्ये. तयार झाला मात्र बंगळुरूला.

टिंबछाप, रविवार सकाळी १०:४०
मंडळी, धागाकर्त्याला भाडं द्यायचं आहे. मी सतरा वर्षं छपाईत आहे, दुकानदारांची पत्रकं करतो. चॉकचा डबा, पत्रकावरचा मजकूर जसाच्या तसा इथे टाका. एक शब्दही गाळू नका. फोटो होता का? कुठे वाटलीत?

चॉकचा_डबा, रविवार दुपारी १२:१५
मजकूर असा : "भव्य शुभारंभ! कराडमध्ये प्रथमच!! अत्याधुनिक, आंतरराष्ट्रीय दर्जाचे पूल पार्लर. मनोरंजनाची अनोखी पर्वणी. एकदा अवश्य भेट द्या." खाली पत्ता आणि मोबाइल नंबर. वर नेटवरून घेतलेला टेबलाचा फोटो. सकाळच्या पेपरात घालून दिली, सगळी २००० एकाच दिवशी.

टिंबछाप, रविवार दुपारी १:१०
आता बोलू.

पहिलं, वरच्या निवांत आंब्यांना जे वाटलं तेच कराडातल्या निम्म्या घरांना वाटलं असणार. मराठीत पूल म्हणजे नदीवरचा, नाहीतर पोहण्याचा. तुम्हाला तो शब्द रोजचा, म्हणून डोळ्यांना खटकला नाही.

दुसरं, पत्रकात माहितीच नाही. तासाला किती, किती वाजता उघडं, पहिल्यांदा येणाऱ्याला कुणी दाखवणार का, एकट्याने आलं तर चालेल का? "आंतरराष्ट्रीय दर्जा" केशकर्तनालयही लिहितं. तुमच्याच विषयावर क्लॉड हॉपकिन्स या माणसाने १९२३ साली छोटंसं पुस्तक लिहिलं, 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग'. माझ्या टेबलावर ते कायम असतं. त्याचं सगळं म्हणणं असं, की ढोबळ विशेषणं वाचणाऱ्याच्या अंगावरून ओघळून जातात, नेमकी गोष्ट राहते. श्लिट्झ नावाच्या बिअरसाठी त्याने बाटल्या चार वेळा धुतात हे लिहिलं. बाकीचे कारखानेही जवळपास तसंच करत, पण ते कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्ही रोज करता आणि कुणाला सांगत नाही?

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. २००० एकाच दिवशी, एकाच वाटेने, कसलीही खूण न करता. आलेली चार माणसं पत्रक बघून आली का रस्त्यावरून बघून, हे तुम्हाला सांगता येणार नाही. हॉपकिन्स प्रत्येक जाहिरातीला कूपन लावायचा, कुठल्या जाहिरातीचं किती परत आलं ते मोजायचा. तुमच्या जाहिरातीच्या पुस्तकातही हे असणार, पण तुम्ही नेमकं हेच पान सोडलंत.

मोगरा_७, रविवार दुपारी २:००
माझा मुलगा तिथेच शिकायला आहे, म्हणून विचारते. फोटोत टेबलाशिवाय काय होतं?

चॉकचा_डबा, रविवार दुपारी २:२५
ताई, आत्ता नीट बघितला. टेबलाच्या कडेला एक ग्लास ठेवलेला आहे. काचेचा, बर्फ घातलेला. माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

मोगरा_७, रविवार दुपारी २:४०
तेच. पेपर घरात आई-वडील आधी उघडतात. पार्लर म्हटलं की आम्हाला अंधार, धूर आणि टवाळ पोरं आठवतात. त्यात ग्लास दिसला की पत्रक मुलाच्या हातात जातच नाही. तुमच्याकडे सिगारेट चालते का? बाहेरून आतलं दिसतं का? मुली येतात का? हे मला पत्रकात वाचायला आवडलं असतं.

चॉकचा_डबा, रविवार दुपारी ३:०५
सिगारेट पहिल्या दिवसापासून बंद आहे. पुढची बाजू पूर्ण काचेची आहे, रस्त्यावरून तिन्ही टेबलं दिसतात. मुली अजून नाही आल्या. हे सगळं मला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

टिंबछाप, रविवार दुपारी ३:१२
बाटल्या चार वेळा धुतात, त्या ह्याच.

लाल_माती, रविवार दुपारी ४:३०
दर अर्ध्यावर आणा. पोरं दराला बघून येतात, बाकी सगळं पुस्तकी. आणि पावसाळ्यात टेबलाच्या कापडाकडे लक्ष द्या. मी चिपळूणचा आहे, आमच्याकडे जूनपासून कापड दमट होतं आणि बॉल चिखलातून चालल्यासारखे चालतात. ब्रश एकाच दिशेने मारायचा, रात्री टेबल झाकायचं. तीन महिन्यांनी लेव्हल तपासून घ्या.

टिंबछाप, रविवार संध्याकाळी ५:१५
अर्धा दर मुळीच नको. समजा तासाचे १२० घेता, तर एकदा ६० रुपयांना खेळलेला पोरगा १२० देताना कुरकुरतो. त्यापेक्षा नवख्याला पहिली २० मिनिटं फुकट आणि तुम्ही स्वतः सोबत उभे. नमुना द्यावा, मालाची किंमत पाडू नये.

लाल_माती, रविवार संध्याकाळी ५:४०
रिकाम्या टेबलाचे १२० पेक्षा भरलेल्या टेबलाचे ६० बरे. मी आठ वर्षं चालवलंय.

हडसनकाठ, रविवार रात्री ८:५०
जाहिरातीचं झालं असेल तर खेळाकडे येऊ. चॉकचा डबा, बॉल चुकतो म्हणजे कुठे चुकतो? कट, म्हणजे तिरका शॉट, मारताना जाड लागतो (बॉलचा हवा त्यापेक्षा जास्त भाग लागतो) का पातळ (कमी)? आणि नेम नक्की कुठे धरता?

चॉकचा_डबा, रविवार रात्री ९:३०
सरळ शॉट जातात. कट कायम जाड लागतो, दोन्ही बाजूंना. पुस्तकात आहे तसं बॉलच्या ज्या बिंदूवर लागायला हवं तो बिंदू शोधतो आणि व्हाइटचा, म्हणजे काठीने मारायच्या पांढऱ्या बॉलचा, मध्य बरोबर त्या बिंदूवर नेतो.

हडसनकाठ, रविवार रात्री ९:४४
सापडलं! बिंदू बरोबर आहे, पण व्हाइटचा मध्य त्या बिंदूवर कधीच पोहोचत नाही. व्हाइटलाही जाडी आहे, तिची कड आधी लागते. पूलचा बॉल सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर. आपटण्याच्या क्षणी व्हाइटचा मध्य समोरच्या बॉलच्या मध्यापासून ५७ मिलिमीटर मागे असतो, पॉकेटच्या बरोबर उलट्या दिशेला. नेम त्या रिकाम्या जागेवर धरायचा. तिथे एक न दिसणारा बॉल ठेवलाय असं समजा, आम्ही घोस्ट बॉल म्हणतो. बिंदूवर मध्य नेलात तर शॉट जाड लागणारच, आणि कट जितका मोठा तितकी चूक मोठी.

असं करा. समोरचा बॉल ठेवा. दुसरा बॉल त्याला चिकटवून, पॉकेटच्या रेषेत मागे ठेवा. त्या दुसऱ्या बॉलच्या खाली फायलीच्या भोकांना लावतात ती गोल चकती चिकटवा आणि बॉल उचला. आता व्हाइट त्या चकतीवर पाठवा. एकच शॉट, २० वेळा, रोज. किती गेले ते वहीत लिहा.

पेठेतला_भाऊ, रविवार रात्री १०:१०
हे बरोबर सांगितलंत. आमच्या इथे हेच बोट ठेवून दाखवायचे. पुस्तकात नेमकं काय लिहिलंय ते एकदा परत वाचा, पुढच्या पानावर हे असणारच.

चॉकचा_डबा, सोमवार सकाळी ६:४५
भाऊ, पुढच्याच पानावर आहे. मी बिंदूच्या वाक्याखाली रेघ मारली आणि आकृती ओलांडून पुढे गेलो.

चॉकचा_डबा, तेरा दिवसांनंतर, रात्री १२:०५
सगळ्यांचे मनापासून आभार, खास करून ताई, टिंबछाप आणि हडसनकाठ यांचे. ग्लासचा फोटो काढून टाकला, बाहेरून काचेतून काढलेला आपल्याच टेबलांचा फोटो टाकला. मजकूर : "काठीने बॉल मारायचा टेबलावरचा पूल. दुपारी १२ ते ४ पहिल्यांदा येणाऱ्याला २० मिनिटं फुकट, मी स्वतः शिकवतो. सिगारेट बंद. रस्त्यावरून सगळं दिसतं. नंतर तासाला १२० रुपये, कितीही जण खेळा." ६०० छापली. मेसमध्ये वाटलेल्यांच्या मागे निळा शिक्का, क्लासबाहेर लाल, पेपरात हिरवा. परत आली : निळी २३, लाल ९, हिरवी २. काल चार मुली आल्या, दीड तास खेळल्या. भाड्याला या महिन्यात भावाकडून थोडे घ्यावे लागले, पण दुपारी एक टेबल तरी चालू असतं.

चकतीचा शॉट पहिल्या दिवशी २० पैकी ६ गेले, आज १३. आता नवी अडचण. बॉल जातो, पण त्याच्यामागे व्हाइट बाजूच्या मधल्या पॉकेटात पडते. रोज तीन-चार वेळा. कोणतं पान बघू?

हडसनकाठ, तेरा दिवसांनंतर, रात्री १२:३१
व्हाइटला कुठे मारता, मध्ये का वर? आणि दोन बॉलमध्ये अंतर किती असतं?

चॉकचा_डबा, तेरा दिवसांनंतर, रात्री १२:४०
मध्ये. अंतर दोन-अडीच फूट.

हडसनकाठ, तेरा दिवसांनंतर, रात्री १२:५२
एवढ्या अंतरात हळू मारलेली व्हाइट घरंगळायला लागते. घरंगळत समोरच्या बॉलच्या अर्ध्या भागावर लागली की मूळ दिशेपासून साधारण ३० अंशांवर सुटते, तुमच्या टेबलावर ती दिशा मधल्या पॉकेटची असणार. मध्याच्या किंचित खाली मारा, जरा जोर लावून, म्हणजे लागताना ती फिरत नसेल, नुसती सरकत असेल. मग ती बॉलच्या दिशेशी काटकोनात जाते. उद्या चकती तशीच ठेवा, समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) व्हाइट जिथे लागते तिथे चॉकचा तुकडा ठेवून बघा, आणि २० पैकी किती वेळा त्या तुकड्याजवळ गेली ते इथे लिहा.