ट्रेड सिक्रेट: गुपित, रहस्य की खानगी?

रावपुरा
इथे बडोद्यात बसून एका रसायन कंपनीचं हमीपत्र मराठीत करतोय. नोकरी सोडणाऱ्याने जाताना सही करायचा कागद. दुसरा कारखाना महाराष्ट्रात आहे, तिथल्या ऑपरेटरांसाठी हवाय. इंग्रजीत 'ट्रेड सिक्रेट', 'कॉन्फिडेन्शियल इन्फर्मेशन' आणि 'नो-हाउ' असे तीन वेगळे शब्द आहेत. मी 'व्यापारी गुपित', 'गोपनीय माहिती' आणि 'तंत्रज्ञान' लिहिलं. वकिलांनी 'गुपित' खोडून 'व्यापार-रहस्य' केलं. त्यांच्या मते गुपित पोरासोरांचं असतं. 'तंत्रज्ञान'ही त्यांना पटलेलं नाही. तिन्हींना काय लिहावं?

दांडियाबाजार
'रहस्य' मुळीच नको. रहस्य उलगडायचं असतं, गुपित राखायचं असतं, आणि हमीपत्रात राखायचीच बाब आहे. हरकत माझी 'व्यापारी'ला. ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर मंगळबाजारातला दुकानदार येईल. 'धंद्यातलं गुपित' लिहा, वाचताक्षणी कळेल.

वाडीकर
कायद्याच्या कागदात 'धंदा'? ज्या शहरातून १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, इंग्रजी संज्ञांसमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द मांडले गेले, तिथे बसून आपण इतकं ढिलं लिहू नये. 'व्यवसायगुप्त' घ्या. शब्द रुळवावे लागतात, आपोआप रुळत नाहीत.

दांडियाबाजार
रुळवायचे तर कोशात रुळवा. इथे सही करणाऱ्याला कशाला बांधून घेतोय ते कळलं पाहिजे, नाहीतर उद्या तोच म्हणेल, मला वाचून काही समजलं नव्हतं.

फतेगंज
बडोद्यात तयार शब्द आहे: 'खानगी'. गुजराती माणूस गुपित गोष्टीलाही 'खानगी वात'च म्हणतो. संस्थानात महाराजांच्या घरगुती कारभाराचं खातं 'खानगी खातं'च होतं.

वाडीकर
ते खानगी म्हणजे खाजगी, राजाचं स्वतःचं. खाजगी असणं आणि गुप्त असणं यांत फरक आहे. शिवाय कागद महाराष्ट्रात जायचाय.

कारेलीबाग
'गोपनीय' आणि 'गुप्त' यांत मात्र कामाचा फरक सापडतो. धातू एकच, गुप्, राखणं. हा धातूच मुळात 'गोप' म्हणजे गाई राखणारा यावरून आला, असं मोनिअर-विल्यम्सच्या कोशात आहे. 'गोपनीय' म्हणजे राखण्याजोगं, 'गुप्त' म्हणजे राखलेलं. कोर्ट दुसरं, म्हणजे प्रत्यक्ष राखलं होतं का, ते बघतं. ट्रिप्स, म्हणजे बौद्धिक संपदेवरच्या जागतिक व्यापार संघटनेच्या कराराच्या कलम ३९ मध्ये तीन अटी आहेत: माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सर्रास ठाऊक नसावी, गुप्त असल्यामुळेच तिला किंमत असावी, आणि मालकाने ती राखायला वाजवी उपाय केलेले असावेत. बरेच दावे तिसऱ्या अटीवर लंगडे पडतात. प्रत्येक पानावर 'गोपनीय'चा शिक्का असतो, पण फोल्डर सगळ्या प्लांटला उघडा असतो.

मकरपुरा_प्लांट
'नो-हाउ'ला एक शब्द पुरणारच नाही, त्यात दोन गोष्टी आहेत. क्रिस्टलायझेशन, म्हणजे द्रावणातून स्फटिक पाडणं घ्या. समजा बॅच कार्डावर आहे: ६२ अंशांना पूर्ण विरघळवा, मिनिटाला ०.२ अंशाने उतरवा, ५४ ला ०.५ टक्के सीड (विरजणासारखे तयार स्फटिक) टाका, दोन तास धरा, मग १० पर्यंत न्या. घाईने थंड केलं तर बारीक सुया पडतात, सेंट्रिफ्यूजच्या कापडावर गच्च थर बसतो, मदर लिकर (स्फटिक पडल्यावर उरलेलं द्रावण) आत अडकतं आणि कितीही धुतलं तरी अशुद्धी मर्यादेत येत नाही. हे आकडे कंपनीने बॅचेस वाया घालवून काढलेले असतात, ते गुपित. पण साइट ग्लासमधून (टाकीच्या काचेतून) बघून 'धुरकट झालं, सीडने धरलं' हे ओळखणं, ॲजिटेटरच्या (ढवळणीच्या) आवाजावरून स्लरी (स्फटिकांचं दाट मिश्रण) घट्ट झाल्याचं कळणं, हे माणसाचं कसब. ते तो गेटवर जमा करून कसा जाणार?

दांडियाबाजार
पहिल्याला 'कृतीचे तपशील', दुसऱ्याला 'हातोटी'.

वाडीकर
हातोटीही कंपनीच्याच पगारावर, कंपनीचाच माल बिघडवून आलेली असते. ती सरळ त्याच्या खात्यावर टाकणं मला मान्य नाही.

कारेलीबाग
मान्य नसलं तरी कायदा साधारण तसाच आहे. गोलीकरी खटला, सर्वोच्च न्यायालय, १९६७. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्ड यार्नचं तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आलेलं. शिफ्ट सुपरवायझर गोलीकरी पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. मनाई टिकली, पण कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती आणि तशाच कामापुरती. मुदत संपल्यावरची बंदी करार कायदा १८७२ च्या कलम २७ वर (धंदा-व्यवसायाला अटकाव करणारा करार रद्दबातल) आपटते. बडोद्याकडून खेळलेल्या झहीर खानच्या २००६ च्या खटल्यात तेच झालं, तिथे मामला नोकरीचा नसून जाहिरात-करारांचा होता इतकंच. तेव्हा हमीपत्रात 'दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' असं असेल तर त्या ओळीवर विसंबू नका. गुपित न फोडण्याची अट मात्र नोकरीनंतरही चालते.

फतेगंज
वेगळा कायदा नाहीच?

कारेलीबाग
अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात मसुदा दिलाय. तोवर करार, विश्वासभंग, कॉपीराइट आणि आयटी कायदा यांवरच भागवायचं.

रावपुरा
मग मूळ कागदात 'माहितीची चोरी' लिहिलंय ते ठेवू का? मला 'अपहार' बरा वाटतो.

वाडीकर
'अपहार' म्हणजे पैशाचा. 'दुरुपयोग' लिहा.

दांडियाबाजार
'दुरुपयोग' फार मवाळ. पेनड्राइव्हमध्ये भरून नेली, त्याला चोरीच म्हणतात.

कारेलीबाग
म्हणतात, पण फौजदारीत चोरी हलवता येणाऱ्या वस्तूची. फाइल कॉपी केली तरी मूळ जागेवरच असते, आणि समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. 'परवानगीशिवाय नेणे, वापरणे अथवा उघड करणे' अशी तीन क्रियापदं लिहा, नाम शोधत बसू नका.

मकरपुरा_प्लांट
आणि सोबत परिशिष्ट जोडा. 'कंपनीची सर्व माहिती' असं मोघम लिहिलं की मनाई हुकूम मागताना नेमकं काय गुप्त ते सांगता येत नाही. परिशिष्टात आकडे घालू नका, नाहीतर तोच कागद बाहेर जाईल. 'अमुक उत्पादन, टप्पा ४, थंड करण्याचा क्रम, बॅच कार्ड क्रमांक अमुक' एवढं पुरे. पेटंटच्या अर्जात जे छापून आलंय ते यादीतून आधी काढा. ते साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतंच.

कारेलीबाग
लॅपटॉपचंही बघा. माणूस गेला की एचआर तो फॉर्मॅट करून नव्याच्या हातात देतं आणि पुरावा तिथेच संपतो. आधी डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून तिचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, नोंदवा. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश त्यात येतो.

वाडीकर
'हॅश'ला मराठी?

दांडियाबाजार
हॅशच. आता त्याला संस्कृत शोधू नका.

वाडीकर
'अंकमुद्रा' का नाही? मुद्रा म्हणजे मोहोर. पाकीट कोणी उघडलं की मोहोर सांगते.

फतेगंज
मोहोर फोडून दुसरी लावता येते, हॅशचं तसं नाही. एक बाइट बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. 'मुद्रा' जमत नाही.