मदत हवी आहे: कोणता भाग मागवू? दादा उद्या दुकानात जातोय

विश्रामबागी – २६ मार्च २००८, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून लग्नासाठी सांगलीला येतोय, शनिवारी तिकडून निघेल. येताना एक गेम आणतो म्हणालाय. एकच, कारण बॅगेत आधीच सगळ्या आत्या-माम्यांच्या फर्माइशी कोंबल्यात. तीन भाग आहेत आणि एक नवीन आलाय तो चौथा. नेटवर वाचून डोकं फिरलं, जो तो आपलाच भाग भारी म्हणतो. पहिल्यापासून सुरू करू की नवीन घेऊ? पहिला न खेळता पुढचा कळतो का?
पटकन सांगा. उद्या रात्रीपर्यंत त्याला मेल टाकायचाय. फालतू चर्चा नको प्लीज.

चारभिंती – ९:२०
गेम कुठला?

विश्रामबागी – ९:२४
ऑनलाईन रोल प्लेइंग हो. जादू, तलवारी, राक्षस. महिना फी नसलेला.

चारभिंती – ९:२६
बाळा, नाव.

अर्धा_पुणेकर – ९:३१
महिना फी नसलेले गेम घेऊच नयेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घे. पंधरा डॉलर महिना, पण जग बघ केवढं! गेल्या वर्षी त्याचा बर्निंग क्रूसेड हा नवा भाग आल्यापासून मी दुसरं काही लावलेलं नाही.

विश्रामबागी – ९:३५
पंधरा डॉलर म्हणजे महिन्याला सहाशे रुपये. बाबा हाकलून देतील. गेम गिल्ड वॉर्स आहे, सॉरी, लिहिलं असं वाटलं.

कृष्णाकाठ – ९:४८
हां, आता कसं. मग चार डबे असे: प्रॉफेसीज (२००५), फॅक्शन्स (२००६), नाइटफॉल (तेही २००६, वर्षाच्या शेवटाला) आणि आय ऑफ द नॉर्थ (गेल्या ऑगस्टात आला तो). पहिले तिन्ही स्वतंत्र आहेत. कुठलाही एक घे आणि खेळ, मागचा कळायची गरज नाही. चौथा मात्र एकटा चालत नाही. तिन्हींपैकी एक तरी खात्यावर असेल तरच तो उघडतो. "नवीन" बघून तोच मागवशील आणि तोंड बघत बसशील, म्हणून आधीच सांगितलं.
आता तू सांग. पीसी कुठला? नेट कुठलं? एकटा खेळणार की कुणाबरोबर?

विश्रामबागी – ९:५१
पीसी चांगला आहे. नेट आहे. कुठला भाग ते सांगा ना.

चारभिंती – १०:०७
डोळे झाकून प्रॉफेसीज. बाकी सगळी वरची फोडणी.
आला तेव्हा मी हैदराबादला नोकरीला होतो, ऑफिसातल्या चौघांनी मिळून घेतला. सुरुवात ॲस्कलॉन नावाच्या मुलखात होते. हिरवंगार, झरे, ऊन असं कोवळं की पावसाळा संपतानाचं ठोसेघर आठवावं. तिथं ग्वेन नावाची एक चिमुरडी तुझ्यामागून फिरायला लागते. तिची बासरी मोडलेली असते, ती नवी घेऊन द्यायची. लाल फुलं दिसली की तोडून तिला द्यायची. लढाई वगैरे काही विशेष नाही, उंदीरघुशी मारल्यासारखं. मग एक दिवस तू पुढच्या शिक्षणाला म्हणून दरवाजा ओलांडतोस आणि आकाशातून आग पडते. डोळे उघडतात ते दोन वर्षांनी. तोच मुलूख, पण राख. झरे आटलेले, झाडांचे कोळसे. आणि परत मागं जाता येत नाही!
मी चार कॅरेक्टरपैकी एक मुद्दाम त्या दरवाजाच्या अलीकडेच ठेवलंय. रोज जेवण झाल्यावर त्याला ग्वेनबरोबर शतपावली करायला नेतो. बायको हसते.

कृष्णाकाठ – १०:१५
काका, शतपावली ठीक आहे. पण पोरगं सांगलीत बसून खेळणार आहे. आपल्याकडे सर्व्हर नाही. अमेरिका नाहीतर युरोप. इथून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या खाली आली तर पेढे वाटा. त्यात माणसं गोळा करून टीम बनवायची, मग कुणीतरी "लॅग, लॅग" म्हणून शिव्या घालणार. नाइटफॉलमध्ये हिरो मिळतात. म्हणजे कंप्युटरच चालवतो असे साथीदार, पण त्यांची आठ स्किल्स, कपडे, हत्यारं सगळं आपण ठरवायचं. तीन हिरो बरोबर घेता येतात. राक्षसानं मंत्र म्हणायला तोंड उघडलं की मेस्मर हिरो तिथल्या तिथं तोडतो. तू आपल्या ब्रॉडबँडवरून बटण दाबशील तोवर मंत्र म्हणून, आरती होऊन प्रसाद वाटून झालेला असतो.

चारभिंती – १०:१९
प्रॉफेसीजमध्येही हेंचमन, म्हणजे कंप्युटरचे तयार साथीदार, मिळतातच की, एकट्याला अडत नाही.

कृष्णाकाठ – १०:२२
हेंचमन म्हणजे भाड्याचे वाजंत्री. जे वाजवतील ते ऐकायचं. हिरो म्हणजे घरचा ताशा.

माधवनगर_रोड – १०:३०
लोडशेडिंगचं काय करणार? साध्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटं. इन्व्हर्टर घ्या, आणि बॅटरी ट्यूब्युलर घ्या, चपटी नको. डिस्टिल्ड वॉटर दर दोन-तीन महिन्यांनी बघायचं, नळाचं पाणी ओतायचं नाही. आमच्या शेजाऱ्यांनी ओतलं, सहा महिन्यांत बॅटरी बाद.

विश्रामबागी – १०:३३
काका, गेमबद्दल विचारलंय.

माधवनगर_रोड – १०:३५
लाईट गेल्यावर गेम कशावर खेळणार?

कृष्णाकाठ – १०:४१
मुद्दा बरोबर आहे त्यांचा. लाईन तुटली तर गेम थोडा वेळ जागा धरून ठेवतो, पटकन परत आलास तर तिथंच घेतो. पण आपली लाईट पटकन येत नाही. टीममधला जखमा भरून काढणारा हीलरच गायब झाला की बाकीचे सात जण मरतात. प्रत्येक मरणाला पंधरा टक्के ताकद जाते, साठपर्यंत. मग तुझं नाव काढून काय बोलतील ते इथं लिहीत नाही. हिरो काही बोलत नाहीत.

मिरजमामी – १०:५०
बारावीची परीक्षा झाली का रे तुझी? मग खेळ. दादाला जाताना काय देणार आहात? भडंग देऊ नका, महिन्यात मऊ पडतं. तासगावचे बेदाणे द्या.

चारभिंती – १०:५२
कंदी पेढे द्या. साताऱ्याहून पाठवतो हवं तर.

मिरजमामी – १०:५५
पेढे विमानातून जाईपर्यंत कोरडे ठणठणीत होतात.

चारभिंती – १०:५६
कंदी पेढा कोरडाच असतो, मामी. मऊ असतो तो दुसरीकडचा.

विश्रामबागी – ११:०४
अहो!!

बत्तीस_शिराळा – ११:१०
मी म्हणतो अमेरिकेतून कशाला? सांगलीत ओळखीच्या दुकानात डीव्हीडी कॉपी करून मिळेल पन्नास रुपयांत.

कृष्णाकाठ – ११:१६
लगा, डीव्हीडीत काय नसतं. गेम त्यांच्या साईटवरून फुकट उतरवता येतो. पैसे असतात ते डब्यातल्या कोडचे. एक कोड एका खात्याला एकदाच. कॉपी घेतलीस तर पन्नास रुपयांची चकती, चहाचा कप ठेवायला बरी.

अर्धा_पुणेकर – ११:२५
म्हणूनच म्हणतो, वॉरक्राफ्टमध्ये हे असलं

अर्धा_पुणेकर – ११:५८
सॉरी, लाईट गेली होती. वॉरक्राफ्टमध्ये हे असलं भाग-बिग काही नाही असं म्हणत होतो.

कृष्णाकाठ – २७ मार्च, सकाळी ७:४०
तुम्हीच वर बर्निंग क्रूसेडचं सांगितलंत, तो काय मग? असो.
रात्री झोपताना सुचलं. विश्रामबागी, डबा बॅगेत आणायचाच नाही! दादानं तिकडं विकत घ्यावा, फोडावा आणि आतला कोड तुला मेलवर पाठवावा. बॅगेत जागा नाही हा प्रश्नच मिटला. "एकच" हेही मग फक्त पैशांपुरतं. गेम तू इथं उतरवून ठेव. आधी छोटा क्लायंट येतो, पुढचा माल खेळता खेळता जसा नवा मुलूख येईल तसा उतरतो. दरवेळी वेशीवर थांबायचं नसेल तर शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी एक जागा सोड, वजाचं चिन्ह दे आणि लागून इंग्रजीत इमेज लिही. सगळं एकदम उतरतं. तुझा प्लॅन रात्री दोन ते आठ फुकटवाला असेल तर तेव्हाच लाव, नाहीतर बिल बघून बाबा खरंच हाकलतील.

विश्रामबागी – ८:१५
हे भारी आहे!! प्लॅन तोच आहे. पीसी पेंटियम फोर, ५१२ रॅम, ग्राफिक कार्ड जीफोर्स फोर एमएक्स, काकांच्या ऑफिसातलं जुनं. चालेल ना?
आणि निख्या म्हणतो तू वॉरियर घे म्हणजे मी मागून हील करेन.

चारभिंती – ८:२१
चालेल, एमएक्सवर चालतो. निख्या कोण?

विश्रामबागी – ८:२४
मित्र. मिरजेचा, आता पुण्यात हॉस्टेलला. त्याच्यामुळेच तर घेतोय. त्याच्या खात्यावर दिवाळीत खेळलो होतो.

कृष्णाकाठ – ८:२६
आणि निख्याकडे भाग कुठला आहे???

विश्रामबागी – ८:३०
फॅक्शन्स. फक्त तोच. का?

कृष्णाकाठ – ८:३१
रात्री ९:४८ ला मी काय विचारलं होतं? "एकटा खेळणार की कुणाबरोबर."

चारभिंती – ८:४४
झालं. प्रॉफेसीज विसर, नाइटफॉलही विसर. स्वतंत्र भागांचा तोटा तो हाच. फॅक्शन्स कांथा खंडात घडतो. निख्या शिंग जिया बेटावरून निघून कांथात फिरतोय आणि तू प्रॉफेसीज घेऊन ॲस्कलॉनमध्ये. तुझ्याकडे फॅक्शन्स नाही तर तू कांथात पाय ठेवू शकत नाहीस, त्याच्याकडे प्रॉफेसीज नाही तर तो इकडे येऊ शकत नाही. सगळ्यांना सामाईक अशी लढाईची बेटं आहेत, तिथं भेटाल, एकमेकांना डोकं फोडून दाखवाल, पण गोष्ट एकत्र खेळता यायची नाही. फॅक्शन्सच घे.
मला स्वतःला तो भाग आवडत नाही हे नोंदवून ठेवतो. काइनेंग शहर म्हणजे झोपडपट्टीवर झोपडपट्टी, नकाशा हातात असून रस्ता सापडत नाही. आणि लेव्हल इतक्या पटापट चढतात की बेट संपतासंपता विसाव्या लेव्हलच्या जवळ पोचतोस. वीस ही तर शेवटचीच. प्रॉफेसीजमध्ये तिथवर जायला कितीतरी मुलूख तुडवावा लागतो. मजा त्या तुडवण्यातच.

कृष्णाकाठ – ८:५३
लेव्हल लवकर चढते हा तोटा कसा? निख्या पुढे गेलाय, याला त्याला गाठायचंय. शिवाय गोठलेला जेडचा समुद्र आहे, लाटा उसळल्या तशाच दगड झालेल्या. तो एकदा बघावाच. असॅसिन आणि रिच्युअलिस्ट हे कॅरेक्टरचे दोन वर्ग फॅक्शन्समध्येच आले, पण तू वॉरियर हो, हीलर आयता आहे तर पुढे ढाल धरून उभा राहा. हिरो मात्र मिळणार नाहीत. नाइटफॉल नंतर घे कधीतरी, त्याच खात्याला जोड. नवं खातं काढू नकोस हां! जोडलास तर कॅरेक्टरच्या चार जागांच्या सहा होतात आणि वॉरियरही हिरो घेऊ शकतो.

विश्रामबागी – ९:०२
फायनल. फॅक्शन्स. दादाला मेल टाकला. धन्यवाद मंडळी, धागा बंद करायला हरकत नाही.

मिरजमामी – दुपारी १:२०
बेदाण्याचं ठरलं का?

विश्रामबागी – रात्री ८:४७
बोंबललं. दादाचा फोन आला. तो काल ऑफिसातून येतानाच दुकानात गेला होता. दुकानदाराला विचारलं सगळ्यात नवीन कुठला, आणि आय ऑफ द नॉर्थ घेऊन आला. पावती टाकून दिली. वर म्हणतो, "मुखपृष्ठ एकदम झक्कास आहे रे."

कृष्णाकाठ – ८:५१
😂😂😂

चारभिंती – ८:५८
हसू नका रे. दादानं मनापासून आणलाय.

कृष्णाकाठ – ९:१०
हसणं आवरलं. नीट ऐक, वाईट नाही झालेलं. आय ऑफ द नॉर्थमध्येही हिरो मिळतात, नाइटफॉलची वेगळी गरज उरली नाही. फक्त आधी एक भाग लागेल, तो फॅक्शन्स. दादाला सांग अजून एक घ्यायला, दोन वर्षं जुना झालाय, नव्याएवढा महाग नसेल. दोन्ही कोड एकाच खात्याला. वॉरियर दहाव्या लेव्हलला पोचला की काइनेंगवरून उत्तरेला जाता येतं. तिथला पहिला हिरो मिळाला की निख्या झोपला तरी तुझं अडत नाही.
आणि काका, तुमच्यासाठी बातमी: त्या चौथ्या भागात ग्वेन आहे. मोठी झालेली. हिरो म्हणून बरोबर येते.

चारभिंती – ९:१३
काय सांगतोस!

चारभिंती – ९:१४
फुलांची आठवण आहे का तिला?

विश्रामबागी – ९:३०
दादा फॅक्शन्स घेतो म्हणाला, पण पैसे बाबांनी त्याला इथं आल्यावर द्यायचे. बाबांना कोण सांगणार? ते आत्ता इन्व्हर्टरवाल्याशी फोनवर बोलतायत, मी हा धागा उघडा ठेवून जेवायला गेलो होतो.

माधवनगर_रोड – ९:३४
ट्यूब्युलर घ्यायला सांग.