सुरत पाहिली का, की नुसतं जाऊन आलात?

अमळनेरहून सुरुवात करते.

आपल्या खान्देशात घरटी एक तरी माणूस सुरतेत आहे. कुणाचा भाऊ कापडाच्या लूमवर, कुणाची बहीण दिंडोलीत, कुणाचे मामा उधन्याला. साखरपुडा असो की दहावं, आपण रात्रीची गाडी धरतो आणि दुसऱ्या रात्री परत निघतो. मी वीस-बावीस वेळा तरी गेले असेन, पण जुनं शहर कधी पाहिलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात लिंबायतला फुईकडे, म्हणजे आत्याकडे, सामान ठेवलं आणि एकटी चौक बाजारला गेले. किल्ल्यापाशी उभं राहून तापी पाहिली. सारंगखेड्याच्या पुलावरून दिसते तीच ही तापी. इथं मात्र भरतीचं पाणी तिच्यात आत शिरतं आणि आपली नदी उलटी चढताना दिसते. तासभर मी तिथून हलले नाही.

कुणाच्या कार्याला नाही, तर खास शहर बघायला आणि खायला जे गेले असतील, त्यांनी लिहावं. काय पाहिलं, काय खाल्लं, काय चुकलं तेही.

भुसावळहून

ताई, विषय फार चांगला काढला. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली. तापी खोऱ्याच्या या लाइनवर किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद नाही, पण सुरत नीट पाहिली ती निवृत्तीनंतर, नातवाला घेऊन.

किल्ला आधी पाहा. पोर्तुगीज जहाजं खाडीतून वर येऊन गाव जाळून जात, म्हणून 1540 च्या दशकात गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंदखान याने तो बांधला. एका अंगाला नदी, बाकी बाजूंना खंदक. आता डागडुजी करून आत संग्रहालय केलंय. नातवाला शाळेत सुरतेची स्वारी होती. 1664 च्या जानेवारीत महाराज आले तेव्हा मुघलांचा अधिकारी इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच भिंतींच्या आत बसला होता, हे मी त्याला तिथंच सांगितलं. सुरतेचा बडा व्यापारी वीरजी व्होरा याची अफाट संपत्ती तेव्हा लुटली गेली. पोराने विचारलं, "आजोबा, मग किल्ला का नाही घेतला?" मी त्याला खंदकाच्या काठावर नेलं आणि तटाची जाडी दाखवली. किल्ला घ्यायचा म्हणजे वेढा, वेढा म्हणजे दिवस, आणि महाराजांकडे दिवस नव्हते. 1670 च्या ऑक्टोबरात ते पुन्हा आले आणि परतताना बागलाणातून उतरून वणी-दिंडोरीला मुघलांशी झुंजले. आपल्या उंबऱ्याजवळचीच ही वाट.

किल्ल्यापासून जवळच मुघल सराई. शाहजहानच्या काळातली, 1644 ची. मक्केला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट बघत इथं उतरत. सुरतेला तेव्हा मक्केचा दरवाजाच म्हणत. आज तिथं महानगरपालिकेचं कार्यालय आहे. ज्या कमानीखालून हाजी जात, तिथून आज लोक घरपट्टीचे कागद घेऊन जातात. वास्तू वापरात राहिली की टिकते, असं मला तरी वाटतं.

नवापूरहून

भुसावळच्या जिभाऊंनी वाटेचा विषय काढला म्हणून थोडं. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मुघल काळातला मोठा व्यापारी रस्ता, आणि तो आपल्या खान्देशातूनच जायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 मध्ये सुरतेजवळच्या सुवाळी बंदरावर उतरला आणि नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला गेला. आमच्या नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या बाकड्यावर गाडीची वाट बघताना मला हे नेहमी आठवतं.

शहाद्याहून

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज आणि डच दफनभूमीवर कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

1664 मध्ये इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन इथं आहे. त्याचा भाऊ ख्रिस्तोफरही इथंच. थडगी कसली, मोठमोठे घुमट आहेत. इंग्रज आणि डच एकमेकांवर कुरघोडी करायला थडगीसुद्धा उंच बांधत. आपल्या मशिदी-मकबऱ्यांची नक्कल या परक्या व्यापाऱ्यांनी केलेली बघून मला नवल वाटलं.

मी गेलो होतो ते हेंड्रिक व्हान रीड या डच अधिकाऱ्यासाठी. केरळच्या वनस्पतींची चित्रं आणि उपयोग सांगणारा 'होर्तुस मलबारिकस' हा 12 खंडांचा ग्रंथ त्याने करवून घेतला. त्यासाठी झाडं ओळखून नावं आणि गुण सांगितले ते इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने. 1691 मध्ये सुरतेकडे येताना व्हान रीड जहाजावरच वारला आणि त्याला इथं पुरलं. वर्गात फळ्यावर ज्याचं नाव लिहिलं, त्याच्या थडग्यापाशी उभा होतो. आजूबाजूला गवत वाढलेलं, दोन मुलं पतंगाचा मांजा गुंडाळत होती. सकाळी लवकर जा, दुपारी ऊन सोसत नाही.

धुळ्याहून

इतिहास झाला, आता जेवणाचं. "सुरतनुं जमण अने काशीनुं मरण" असं तिकडे म्हणतात ते उगाच नाही.

सकाळी सातला लोचो. चणाडाळ भिजवून, वाटून, वाफवलेली. खमण फसलं आणि त्याचा लोचो झाला, अशी कथा सांगतात. वडी पडत नाही, उलथन्याने खरवडून ताटलीत घालतात. वर तेल, तिखट मसाला, बारीक शेव, कांदा. गरम असतानाच खावा, गार झाला की घशात बसतो.

थंडीत गेलात तर पोंक. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडाच. आपण शेतात गोवऱ्यांवर कणसं भाजतो आणि हातावर चोळून खातो. तिथं भाजलेली कणसं कापडात घालून झोडपतात आणि दाणे तोलून विकतात, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. सासऱ्यांनी मूठभर दाणे नाकाशी नेले आणि म्हणाले, "हाऊ ते आपलाच हुरडा शे." पण भाव ऐकून गप्प झाले. रात्री मला म्हणाले, कोवळ्या कणसाचा असा भाव आपल्याकडे शेतकऱ्याला कधी मिळेल का. तो घास मला अजून आठवतो.

नदीपलीकडे रांदेरला नक्की जा. ते सुरतेपेक्षाही जुनं बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांचं रंगूनला जाणं-येणं होतं, त्यामुळे ब्रह्मदेशातला खावसा त्या गल्ल्यांत आजही मिळतो. नारळाच्या दुधातल्या शेवया, वर कुरकुरीत तळलेलं काहीबाही. आमच्या घरी शेवभाजीचा रस्सा ओरपणाऱ्यांना तो सौम्य वाटला, मला मात्र फार आवडला. आलू-पुरीही तिथलीच खा. स्टेशनजवळच्या एका गाडीवर संध्याकाळी उरलेल्या रगड्याची खाल्ली आणि परतीचा सगळा प्रवास धाकट्याला उलट्या झाल्या. गर्दी असेल तिथंच खा.

पारोळ्याहून

वडील तिथं अठरा वर्षं लूमवर होते. 2006 च्या ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि शहर बुडालं, तेव्हा ते दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकले होते. जुन्या शहरात फिरवताना ते मला एकेक भिंत दाखवत होते, पाणी कुठवर आलं होतं ते. किल्ला त्यांनीही त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला. अठरा वर्षांत रविवारची सुट्टी कपडे धुण्यात गेली, म्हणाले.

नंदुरबारहून

आम्हाला सुरत सर्वांत जवळ, सकाळी जाऊन रात्री घरी. नानपुऱ्यातली दोटीवाला बेकरी चुकवू नका. डच गेले तेव्हा त्यांच्या भट्ट्या या पारशी घराण्याकडे आल्या, असं सांगतात. नानखटाई दोन डबे जास्तच घ्या, घरी पोहोचेपर्यंत एक संपतो. घारी घ्यायची तर कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला. तुपात न्हालेली, मावा भरलेली. अर्धीच पुरते.

मुक्ताईनगरहून

आमचं गाव चांगदेव, तापी-पूर्णेच्या संगमावरचं. आईचं वय 78. तिला एकदा तापी कुठे जाते ते बघायचं होतं, म्हणून किल्ला वगैरे सोडून आम्ही थेट डुमसच्या समुद्रकाठी गेलो. काळी वाळू. आई चपला हातात घेऊन बराच वेळ चालली. मग मला म्हणाली, पाणी खारं आहे का बघ रे. मी बोट बुडवून पाहिलं. "खारं आहे," म्हटलं. तिने स्वतःही चाखून पाहिलं. तिथं टोमॅटोची भजी चांगली मिळतात, तिने चार खाल्ली.