दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला: दहा हजार भरले की प्रकरण मिटते का?

मांजराकाठ (अंबाजोगाई) यांचा प्रश्न:

माझा चुलत भाऊ अंबाजोगाई ते परळी मार्गावर काळी-पिवळी चालवतो. एका लग्नाहून रात्री रिकामी गाडी घेऊन परतताना त्याला नाकाबंदीत अडवले, यंत्रात फुंकल्यावर मद्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली त्याच्यावर खटला दाखल झाला. पुढच्या आठवड्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तारीख आहे. स्टँडवरची जुनी मंडळी सांगतात की पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करावा, दहा हजार भरावेत आणि दुसऱ्या दिवशी गाडी नंबरला लावावी. अटकेनंतर दवाखान्यात न्यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, त्यामुळे खटलाच टिकत नाही, असेही एकाचे म्हणणे आहे. त्याचे घर लायसन्सवर चालते. जाणकारांनी कृपया नेमके सांगावे.

कोर्टकचेरी (लातूर) यांचे उत्तर:

आधी शिक्षा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. 1 सप्टेंबर 2019 पूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता, आणि ‘पैसे भरा नि सुटा’ हा समज बहुधा त्याच काळातला आहे. हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलनासारखा हा गुन्हा तडजोड शुल्क भरून जागेवर मिटवता येत नाही, कारण तडजोडीच्या कलम 200 मध्ये 185 चा समावेशच नाही.

मात्र तुमच्या भावाच्या दृष्टीने दंड ही दुय्यम बाब आहे. कलम 20 च्या दुसऱ्या पोटकलमानुसार 185 खाली दोषी ठरलेल्या व्यक्तीला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवण्याचा आदेश न्यायालयाने द्यायचा असतो, आणि गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धीच होय. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाडी नंबरला लावण्याचा सल्ला त्याला नव्या संकटात टाकणारा आहे: अपात्रतेच्या काळात गाडी चालवताना सापडल्यास कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, असा स्वतंत्र गुन्हा होतो. शिवाय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिल्यावर अपिलात केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यावरच बोलता येते. ‘मी प्यायलोच नव्हतो’ हा मुद्दा तिथे उरत नाही.

दोन तासांबद्दल. कलम 202 म्हणते की अटकेनंतर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली नाही, तर त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे. तेथे खटला रद्द होतो असे कोठेही लिहिलेले नाही. उशिराचा आणि यंत्राच्या चाचणीचा मुद्दा वकील पुराव्याच्या वेळी जरूर मांडू शकतात, परंतु त्यासाठी खटला लढवावा लागतो आणि तारखांना हजर राहावे लागते. म्हणून यंत्राची छापील पावती, दवाखान्यातील नोंद आणि अटकेची वेळ दाखवणारी कागदपत्रे वकिलांना दाखवल्याशिवाय कबुली देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरावा भक्कमच असेल तर कबुली देणे शहाणपणाचे ठरू शकते, पण सहा महिने घर कसे चालणार याचा विचार करून.

बिनधास्त_परळीकर यांचे उत्तर:

न्यायालयाखेरीज आरटीओकडूनही कारवाई होऊ शकते. कलम 19 खाली परवाना प्राधिकारी लायसन्स निलंबित किंवा रद्द करू शकतो, मात्र त्याआधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. एमएच 44 च्या कार्यालयातून नोटीस आली तर ती खिशात ठेवून विसरू नका, लेखी उत्तर द्या. त्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते.

मांजराकाठ:

दोघांचेही आभार. गाडी त्याच्या नावावर नाही, मालक दुसरे आहेत. त्यांना काही त्रास होईल का? त्यांनी तर आताच दुसरा चालक पाहायला सुरुवात केली आहे.

कोर्टकचेरी (लातूर):

185 च्या गुन्ह्याला साहाय्य करणाऱ्यालाही कलम 188 खाली तीच शिक्षा आहे, परंतु त्यासाठी मालकाने चालक प्यायलेला आहे हे माहीत असून गाडी दिली, असे दाखवावे लागेल. लग्नाला गेलेला चालक परतताना प्यायला, एवढ्यावरून मालक दोषी ठरत नाही. त्यांची खरी काळजी विम्याची असावी. त्या रात्री अपघात झाला असता, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने मद्यपानाच्या अटीवर नाकारला असता. आणि श्वासचाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून मद्याचा अंमल सिद्ध करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशाच एका विमा प्रकरणात म्हटले आहे. कुणाचा जीव गेला असता, तर 185 सोबत भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागले असते, ज्यात पाच वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि वस्तुस्थिती गंभीर असल्यास पोलीस सदोष मनुष्यवधाचे कलम 105 सुद्धा लावतात.

दुसरा चालक ठेवण्याबद्दल मालकांशी आताच बोलून घ्या. आदेश झाल्यावर सहा महिने बदली चालक लागणारच आहे, आणि त्यानंतर भावाला परत घेण्याची बोली आधी झालेली बरी.