कॉन्शियन्शस माणसाला मराठीत काय म्हणायचं?

चिंचोका: भरतीसाठीच्या स्वभावचाचणीचा अनुवाद करतेय, बिग फाइव्हवाली, म्हणजे पाच गुणांत स्वभाव मोजणारी. चार गुण कसेबसे बसवले पण कॉन्शियन्शसनेसला 'सदसद्विवेक' लिहिलं तर तपासणारे म्हणाले चूक, 'कर्तव्यदक्षता' करा. आता खालचे प्रश्न वस्तू जागच्या जागी ठेवता का, हातातलं काम तडीस नेता का असले, त्यामुळे त्यांचं पटतं, पण कर्तव्यदक्ष म्हटलं की मला पोलीस निरीक्षकाचा सत्कारच दिसतो. सुचवा.

निवृत्त_मास्तर: कॉन्शन्स म्हणजे सदसद्विवेक, तो वेगळा, हे वेगळं. सरळ 'काटेकोर' घ्या.

उंबरठा: इतकं सरळ नाहीये मास्तर, काटेकोर माणसाचं पापपुण्यच वेगळं असतं. आमचे थोरले काका एका पतसंस्थेत कॅशियर, रोकड चार आण्यांनी जुळली नाही तर रात्री आठपर्यंत चिठोऱ्या उलटत बसायचे आणि तिथेच संचालकाच्या मेव्हण्याला विनातारण कर्ज गेलं तेव्हा म्हणाले, कागद पूर्ण होते, आपण कशाला बोला. उलट आत्याच्या हिशेबाच्या नावाने शंख, पण भाजीवाल्याने दहा रुपये जास्त दिले तर भर उन्हात परत करायला जायची. आता यातलं कॉन्शियन्शस कोण?

पाटीपेन्सिल: चाचणीत काका पास. आत्या पापभिरू.

निवृत्त_मास्तर: पापभीरू! भी दीर्घ. आणि उंबरठा म्हणतात ते गीतेत आहेच, 18व्या अध्यायात बुद्धीच सात्त्विक, राजस, तामस सांगितलीय, तामसीला अधर्म हाच धर्म वाटतो.

पाटीपेन्सिल: म्हणजे काका तामसी? काहीही हं. आणि आमच्याकडे सगळे भिरूच म्हणतात, बोलतात तेच शुद्ध. भीड, भिडस्त हेही त्याच भी मधून आलं असणार.

निवृत्त_मास्तर: ही तुमची घरगुती व्युत्पत्ती. पुरावा द्या.

उंबरठा: व्युत्पत्ती राहू दे, पण भिडस्त बघा ना, चाचणीवाले त्याला ॲग्रीएबल, म्हणजे जुळवून घेणारा, म्हणून वरचे मार्क देतील. असा माणूस कर्जाला जामीन राहतो, खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करतो, कारण त्याच्या लेखी समोरच्याला नाही म्हणणं हेच पाप. भीड भिकेची बहीण उगाच नाही म्हणत.

चिंचोका: अहो पण माझा शब्द? 'नेटका' चालेल?

पाटीपेन्सिल: नेटका अक्षराला. रामशास्त्री बाणा म्हणा की! नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, भीडबीड काही नाही.

निवृत्त_मास्तर: तो काटेकोरपणा नव्हे, निःस्पृहपणा. आणि 'निःस्पृह'मध्ये विसर्ग हवाच, हल्ली तो गिळतात.

पाटीपेन्सिल: निस्पृह. गिळला.

निवृत्त_मास्तर: उद्या 'दुख' लिहाल.

उंबरठा: लिहितातच की. लग्नपत्रिकांवर 'आर्शीवाद' बघितलंय का, त्याचा वेगळा धागा काढा कोणीतरी.